न सांगितलेला खड्डा

१

मी लिफ्टवाला. सव्वीस वर्षं माणसांना वरखाली नेणाऱ्या यंत्रांची देखभाल करतोय आणि माझ्या हातची एकही लिफ्ट आजवर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढचं ऐकताना ‘याने एखादी वायर उलटी जोडली असेल’ असं कुणाच्या मनात येऊ नये, म्हणून आधीच सांगून टाकतो. वायर उलटी जोडलेली नव्हती.

हलती सीट मी ताईसाठी बांधली. ताई माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिने बावीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली. मग काचबिंदूने आधी कडेचं दिसणं नेलं, नंतर उरलेलंही नेलं. तीन वर्षांपूर्वी तिने गाडीची किल्ली परत केली आणि माझ्याकडे राहायला आली. मी एकटा, ती एकटी, घर पुरेसं मोठं. ती रडली नाही, कुरकुरली नाही. रेडिओ लावून खुर्चीत बसायची आणि मधूनच तिचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. ब्रेक. मला ते बघवायचं नाही.

संगणकावर गाड्यांच्या शर्यती खेळणारे हौशी लोक घरच्या घरी सीट बांधतात, हे मला कामावरच्या एकाने दाखवलं. पडद्यावरची गाडी वळली की सीट कलते, ब्रेक दाबला की पुढे झुकते, खडबडीत रस्ता लागला की थरथरते. मी चित्रं पाहिली आणि हसलो. एवढंच? हे तर लिफ्टच्या दाराएवढं काम!

मोडीत निघालेल्या मोटारीची सीट आणली. चौकोनी पाइपची चौकट केली. सीटखाली मधोमध चहूकडे फिरणारा एक सांधा, आणि पाठीमागे डाव्या-उजव्या अंगाला लिफ्टच्या दाराच्या दोन जुन्या मोटरी. दोन्हींनी वर ढकललं की सीट पुढे झुकते, दोन्हींनी खाली ओढलं की मागे रेलते, एकीने ढकललं आणि दुसरीने ओढलं की कुशीवर कलते. स्टिअरिंग, पेडल, दोन स्पीकर, आणि हाताशी सगळं एका फटक्यात बंद करणारं लाल बटण. वेल्डिंग ठिणगीने करून दिलं. ठिणगी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं.

‘‘सगळं खरं,’’ काचेचा मुखवटा वर करत तो म्हणाला, ‘‘पण ताईंना दिसत नाही. त्या चालवणार कशा?’’

‘‘कानांनी,’’ मी म्हणालो. ‘‘रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी एक जण वही घेऊन बसतो. वळणं वाचून दाखवतो. तो मी.’’

२

माझी पाळी सकाळी सहा ते दोन. अडीचला घरी, जेवण, आणि बरोब्बर तीनला आम्ही दोघं पुढच्या खोलीत. खोलीची खिडकी गल्लीत उघडते. समोर कपडे वाळत घालायची दोरी, पलीकडे भिंत. आमची गल्ली बंद आहे. पाच घरं, शेवटचं आमचं.

पहिल्या दिवशी ताईने सीटवर बसून स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाली, ‘‘आरसे नीट कर.’’

‘‘आरसे नाहीत, ताई.’’

‘‘मला काय फरक पडतो? तू कर म्हटलं की कर.’’

मी हवेत आरसे नीट केले. निघालो. मी वाचायचो, ‘‘शंभर मीटरवर डावं, सौम्य. मग उतार. उजवं, कडक, आता!’’ आणि ती वळवायची. आठवड्याभरात आम्ही डोंगरातला अख्खा रस्ता एकदाही कठड्याला न घासता पार केला. ती घामाघूम झाली होती आणि चेहरा असा, की तीन वर्षांत मी तो पाहिलेला नव्हता.

‘‘तुझं ‘आता’ उशिरा येतं, पान्या,’’ ती म्हणायची. मला घरात पान्या म्हणतात. लहानपणापासून हातात पाना. ‘‘माझ्या गाडीवर असतास तर पेशंट वाटेतच दगावला असता.’’

नवव्या दिवशी सपाट, नव्या डांबरी रस्त्यावर ती एकदम म्हणाली, ‘‘खड्डा सांगितला नाहीस.’’

‘‘खड्डा नव्हताच.’’

‘‘डावं मागचं चाक गेलं. चांगला टोपलीएवढा होता.’’

‘‘ताई, पडदा माझ्यासमोर आहे. रस्ता ताटासारखा आहे.’’

‘‘पडदा तुझ्यासमोर आहे,’’ ती म्हणाली, ‘‘सीट माझ्याखाली आहे.’’

३

बिघाड शोधणं हा माझा धंदा आहे आणि मला तो आवडतोही. त्यामुळे मी वैतागलो नाही, उलट बाह्या सरसावल्या.

प्रत्येक मोटरीची हालचाल संगणकात रेघेच्या रूपाने साठते. मी ती काढून पाहिली. खेळाने ‘खड्डा’ म्हणून कुठलाच हुकूम दिला नव्हता. तरी डावी मोटर खाली बसून पुन्हा वर आली होती. म्हणजे न सांगता हलली. मी केबल बदलली, अर्थिंग तपासलं. मग दोन्ही मोटरींची अदलाबदल केली. मोटर खराब असती तर खड्डा आता उजवीकडे जायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळाच रस्ता घेतला, समुद्रकाठचा. ताई म्हणाली, ‘‘हा बघ. डावीकडेच.’’

मी घड्याळ बघत होतो. तीन वाजून चार मिनिटं दहा सेकंद. आदल्या दिवशीची रेघ काढली. तिथेही तीन वाजून चार मिनिटं दहा सेकंद.

तिसऱ्या दिवशी मी ताईला बाहेर बसवलं, खेळ सुरूच केला नाही, फक्त मोटरींना वीज दिली आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. तीनच्या ठोक्याला रिकामी सीट किंचित मागे रेलली. गाडी जागेवरून निघताना आपण मागे रेलतो ना, तितकीच. मग डावीकडे सावकाश कलली, सरळ झाली. थोडी थरथरली. मोटरींचा आवाज इतका हलका, की शेजारच्या खोलीतला रेडिओ ऐकू येत होता. चार मिनिटं दहा सेकंदांनी डावी बाजू धप्पकन खाली गेली आणि वर आली. आणखी दीड मिनिट सीट तशीच चालत राहिली आणि मध्येच थांबली. ब्रेक नाही, झुकणं नाही. बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तशी.

पुढच्या चार दिवसांच्या रेघा मी कागदावर छापून घेतल्या. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या. एकच रेघ दिसत होती. फरक शेवटी होता: दर दिवशी ती चाळीसेक सेकंद लांब होत होती.

बिघाड मी हजारो पाहिलेत. बिघाडाला घड्याळ कळत नाही आणि पाठांतर तर मुळीच येत नाही.

४

ठिणगीला बोलावलं. तो बसला, दोन मिनिटांत उतरला.

‘‘पट्टा सैल आहे,’’ तो म्हणाला.

‘‘पट्टा नाहीच यात. तूच बांधलंस की.’’

‘‘मग मला मळमळतंय,’’ म्हणाला आणि हात धुऊन निघून गेला. जाताना दारातून वळून म्हणाला, ‘‘कुणीतरी चालवतंय असं वाटतं रे.’’ पुन्हा तो आला नाही. फोनवर मात्र व्यवस्थित बोलायचा, हवापाण्याचं.

मग ताईच म्हणाली, ‘‘मला बसव. खेळ नको, पडदा नको. हात मांडीवर ठेवते आणि कुठे जातेय ते बघते.’’ ती अजूनही ‘बघते’ म्हणायची.

तीनला सीट निघाली. ताईने डोळे मिटले. तिचे डोळे उघडे असले काय नि मिटले काय. पण तिने मिटले.

‘‘जुनी गाडी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मागचा डावा शॉक ॲब्सॉर्बर गेलाय. चालवणारा मात्र तयारीचा आहे, वळणात ब्रेकला हात लावत नाही.’’

‘‘रस्ता कुठला?’’

‘‘हा ओळखीचा नाही.’’ तिच्या कपाळावर आठी पडली. ‘‘बावीस वर्षांत या भागातला एकही रस्ता माझा सुटलेला नाही, पान्या. हा नाही माहीत.’’

खड्डा गेला. आणखी चारेक मिनिटं गेली. सीट थोडी वर चढली आणि ताई एकदम ताठ झाली.

‘‘थांब. आता मोज. सांधे येतील.’’

सीटने मागून धक्का दिला. एक. मग दुसरा. मग तिसरा, जरा मोठा.

‘‘पूल,’’ ती म्हणाली. ‘‘आपल्या नदीवरचा. तिसरा सांधा कधी नीट बसवलाच नाही त्यांनी.’’

सीट थांबली. पुलाच्या मधोमध.

५

चहा मी केला. ताईने कप दोन्ही हातांत धरला आणि प्यायलीच नाही.

‘‘काय ते सांगून टाक,’’ मी म्हणालो.

‘‘रिकामी आहे.’’

‘‘काय?’’

‘‘गाडी. मी पण अशीच चालवायचे. आत पेशंट असला की खड्डा बघून आधीच चाक कडेने काढायचं, सांध्यावर गाडी नुसती ओघळू द्यायची. रिकामी असली की खड्ड्यातून सरळ घालायची. तेवढाच वेळ वाचतो.’’ तिने कप खाली ठेवला. ‘‘हा खड्ड्यातून सरळ घालतो. न्यायला येतोय कुणाला तरी.’’

आता, मी घाबरणारा माणूस नव्हे. लिफ्टच्या खड्ड्यात मी एकटा उतरतो, डोक्यावर अख्खी लिफ्ट असते. पण ती इतक्या साधेपणाने बोलली, की माझी मान मागून गार पडली.

‘‘पुलाच्या अलीकडे हजार घरं आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘आणि आपल्याच गल्लीत पाच आहेत.’’

‘‘आहेत ना,’’ ताई म्हणाली. ‘‘पण सीट कुणाच्या घरात आहे?’’

मी उठलो, पुढच्या खोलीत गेलो आणि प्लग उपटून ठेवला. संपला विषय. दुसऱ्या दिवशी ताईला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हृदयाचा आलेख, रक्तदाब, साखर, सगळं काढायला लावलं. सगळं उत्तम. ‘‘तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत,’’ डॉक्टरीणबाई मला हसून म्हणाल्या. ‘‘तुमचंही बघू का?’’

‘‘मी दिवसाला चाळीस मजले चढतो,’’ मी म्हणालो. ‘‘लिफ्ट बंद असल्याशिवाय मला बोलावतं कोण?’’

तीन दिवस सीटवर चादर टाकून ठेवली. तीन दिवस मी मजेत जेवलो, झोपलो. ताई मात्र रोज तीनला पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची, कान देऊन.

६

‘‘प्लग लाव,’’ चौथ्या दिवशी ती म्हणाली.

‘‘कशाला? बंद केलं, थांबलं.’’

‘‘लाव तर. थांबलं असेल तर पुलावरच थांबेल. मग मीच सांगेन, मोडून टाक.’’

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी चादर काढली, ताईला बसवलं, वीज दिली. खड्डा आला. पूल आला, तीन सांधे. सीट थांबली नाही. पूल उतरली. उजवीकडे वळली. पुढे झुकली, उचलली गेली, आपटली.

‘‘शाळेचा पहिला गतिरोधक,’’ ताई हळू आवाजात म्हणाली. ‘‘आता दुसरा.’’ दुसरा आला. मग लांब सरळ रस्ता. मग डावीकडे एक वळण आणि सीट बारीक थरथरू लागली.

ती थरथर मला सांगायची गरज नव्हती. गल्लीच्या तोंडाशी पडलेली खडी. रोज माझी सायकल तिच्यावरून अशीच थरथरते.

तिथे थांबली.

मी कागदावर हिशोब मांडला. चाळीस सेकंद गुणिले चार दिवस. बरोबर उतरला. एक दिवसही चुकला नव्हता.

‘‘म्हणजे बंद असतानाही…’’ मी म्हणालो.

‘‘तीन दिवस तू मला आंधळं केलंस,’’ ताई म्हणाली. ‘‘गाडीला नाही.’’

मी येरझाऱ्या घालायला लागलो. ‘‘ठीक. उद्या आपण घरी थांबायचंच नाही. सकाळीच निघू. ठिणगीकडे जाऊ, पलीकडे त्याच्या गावी जाऊ.’’

‘‘कुठून?’’

‘‘कुठून म्हणजे? गल्लीतून, शाळेवरून, पुला…’’

मी थांबलो.

‘‘गल्लीच्या तोंडाशी ती गाडी उभीच आहे ना,’’ ती म्हणाली. ‘‘मी इथेच बसते. निदान कुठपर्यंत आली ते कळेल. मला वाटेत, काही न कळता, नको आहे, पान्या.’’

मी तिच्या पायाशी बसलो. कितीतरी वर्षांनी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. तिने केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘उद्या रजा टाक.’’

७

रजा टाकली. पुढच्या दाराच्या वरच्या-खालच्या दोन्ही कड्या लावल्या, मागचं दार लावलं. खिडकी उघडी ठेवली; मला गल्ली दिसायला हवी होती. स्वच्छ ऊन होतं. दोरीवर सकाळी मीच धुतलेले कपडे होते, आणि वाऱ्याचं नाव नव्हतं.

ताईने केस विंचरले होते. सीटवर बसून तिने हात मांडीवर ठेवले. मी शेजारी, लाल बटणावर तळवा.

तीनला निघाली. अनोळखी रस्ता. खड्डा. पूल, तीन सांधे. शाळेचे दोन गतिरोधक. मी काहीच वाचून दाखवत नव्हतो आणि ताईही बोलत नव्हती. दोघांनाही पाठ झालं होतं. मग खडी.

मी खिडकीतून बघत होतो. गल्ली रिकामी होती. हे मी शपथेवर सांगेन. भिंत, ऊन, मोकळी गल्ली. सीट बारीक थरथरत होती आणि दोरीच्या त्या टोकाची चादर गल्लीच्या बाजूला ओढली गेली. मग तिच्या शेजारचा टॉवेल. मग माझे दोन सदरे, एकामागून एक, अगदी जवळून मोठी गाडी गेल्यावर कपडे खेचले जातात तसे. शेवटचा सदरा खिडकीसमोर होता. तो खेचला गेला आणि सरळ झाला.

सीट पुढे झुकली, मागे आली. स्थिर झाली.

‘‘लागली,’’ ताई म्हणाली.

उजवी बाजू किंचित वर उचलली गेली. ‘‘उतरला.’’

मग काहीच नाही. मी दाराकडे बघत होतो. कड्या जागच्या जागी होत्या. पावलं वाजली नाहीत, घंटा वाजली नाही. माझ्या घामाने लाल बटण निसरडं झालं होतं, पण दाबलं नाही. दाबून काय होणार होतं? आम्हालाच कळायचं बंद झालं असतं. मी ताईकडे टक लावून बघत राहिलो, तिच्या छातीकडे. श्वास चालू. वर, खाली. वर, खाली. माझ्या मनात एकच: नजर हटवायची नाही. मी बघतोय तोवर कुणाची हिंमत नाही.

सीटची मागची बाजू खाली बसली. दोन टप्प्यांत. आधी थोडी, मग पूर्ण.

‘‘स्ट्रेचर चढलं,’’ ताई म्हणाली. तिचा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. त्याच क्षणी मला एकदम हलकं वाटलं, पोत्याखालून पाठ काढून घ्यावी तसं. सुटकेमुळे, असं मी समजलो. समजणारच, ती समोर बसलेली होती, श्वास घेत होती, बोलत होती.

उजवी बाजू दबली. सीट निघाली. खिडकीतले कपडे उलट्या क्रमाने हलले, जेमतेम. आणि मग खडी आली ती इतकी मऊ, की नीट लक्ष दिलं नसतं तर कळलीही नसती. शाळेचा गतिरोधक सीटने नुसता ओलांडला, पाण्यावरून होडी जावी तसा.

‘‘बघ किती जपून काढतोय,’’ ताई पुटपुटली. ‘‘भरलेली आहे.’’

आणि सीट थांबली. मोटरी गप्प झाल्या.

मी मोठ्याने हसलो. खरं सांगतो, मला हसू आवरेना. ‘‘म्हटलं होतं की नाही? चार घरं आणखी आहेत गल्लीत! तू आहेस ताई! तू इथेच आहेस!’’

ती हसली नाही. तिने मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली आणि हात पुढे केला.

‘‘इकडे ये, पान्या.’’

मी हात दिला. तिने मनगट धरलं आणि आतल्या बाजूला दोन बोटं टेकवली. मी हसतच होतो. तिने बोटं थोडी सरकवली. थांबली. आणखी सरकवली. मग दुसऱ्या हाताने चाचपत माझा गळा शोधला, जबड्याच्या खालची जागा, आणि तिथे बोटं दाबून ती मान तिरकी करून ऐकत राहिली. बराच वेळ. बाहेर गल्लीत पहिल्या घरातल्या बाईंनी दार उघडून केर काढायला सुरुवात केली. झाडूचा आवाज स्पष्ट येत होता.

‘‘आहे ना?’’ मी विचारलं.

‘‘आहे,’’ ताई म्हणाली. ‘‘काही नाही, सगळं ठीक आहे. तू जरा बस.’’

बावीस वर्षं ती मागच्या सीटवरच्या नातेवाइकांशी ज्या आवाजात बोलत आली असेल, तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.